गप्प राहणाऱ्या नौसैनिक आजोबांचं आयुष्य लिहून काढायचं असेल तर

प्रश्न एका नातीचा आहे. थोडक्यात असा: "आमचे आजोबा ८८ वर्षांचे आहेत. मूळ गाव निफाड तालुक्यात. नेव्हीत खलाशी म्हणून भरती झाले, १९७१ च्या युद्धात जहाजावर होते, पेटी ऑफिसर होऊन निवृत्त झाले आणि नंतर नाशिकरोडला नोकरी केली. आजी ८२ वर्षांची आहे. नव्वदीला त्यांच्या आयुष्यावर पुस्तिका काढायचा विचार आहे. पण युद्धाचं विचारलं की 'ड्युटी होती, केली' एवढंच म्हणतात. पंधरा ऑगस्टला सगळे जमलो होतो, मोबाइल लावून मुलाखत घ्यायला बसलो, तर पाच मिनिटांत उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. त्यांना बोलतं कसं करावं?"

गेली एकोणीस वर्षं मी नाशिक जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून लिहून काढते. शेतकरी, शिक्षिका, प्रेसमधले कामगार, सुईणी, माजी सैनिक. नाशिक म्हणजे तोफखान्याचं गाव. देवळाली आणि नाशिकरोड कॅम्पमुळे लष्करातली माणसं गल्लोगल्ली भेटतात. नेव्हीतली कमी. माझ्या वाट्याला एकूण सात आली, त्यातल्या पाच जणांचं पूर्ण लिहून झालं. पुढचं सगळं त्या सात घरांतून शिकलेलं आहे.

बोलतं कसं करावं असं तुम्ही विचारलंय, पण मला अडचण वेगळीच दिसते. पुस्तिका काढायची आहे ८८ वर्षांची आणि प्रश्न विचारले जातायत तेरा दिवसांचे. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. त्या तेरा दिवसांच्या आधी आजोबांची चौतीस वर्षं आहेत आणि नंतर पन्नासहून जास्त. त्यातलं काहीच न विचारता घरातले दहा जण मोबाइल रोखून एकदम त्याच दाराशी उभे राहिले, तर माणूस कुंड्यांकडेच जाणार.

ही चूक माझ्याकडूनही झाली आहे आणि ती भरून निघालेली नाही. सुरुवातीच्या दिवसांत दिंडोरी तालुक्यातल्या एका माजी नौसैनिकांकडे गेले होते. ओसरीवर खुर्ची मांडलेली, पुतणे आणि नातवंडं सभोवती, डोक्यावर पंखा खडखडतोय. बसल्या बसल्या मी विचारलं, "काका, युद्धात काय काय पाहिलंत?" त्यांनी जहाजाचं नाव सांगितलं, कॅप्टन चांगले होते म्हणाले आणि "देवानं सांभाळलं" म्हणून हात जोडले. पुन्हा येते म्हणून मी निघाले. द्राक्षांचा हंगाम होता, त्यांच्याकडे गडबड, मलाही माझी कामं. चार महिन्यांनी गेले तेव्हा भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला हार होता. माझ्याकडे त्यांची अकरा मिनिटं आहेत आणि त्यातला निम्मा आवाज पंख्याचा आहे. त्यांची बायको कुठली, बाग कधी लावली, मुलीला कुठे दिलं, नेव्हीत जायची कल्पना त्या गावात कुणी डोक्यात घातली, यातलं एक अक्षर माझ्याकडे नाही. मी विचारलंच नव्हतं.

आता काही गोष्टी तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. आजोबांची स्मरणशक्ती कशी आहे? कालचं विसरतात पण जुनं स्वच्छ आठवतं, असं असेल तर काम छान होतं. जुन्यातही गोंधळ होत असेल, माणसं ओळखण्यात घोटाळा होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि बैठकी पंधरा मिनिटांच्याच ठेवा. ऐकू किती येतं? बॉयलर रूममध्ये किंवा तोफांजवळ काम केलेल्या बहुतेकांचे कान गेलेले असतात आणि नीट ऐकू न आल्यानं "हो, हो" म्हणून विषय संपवायची सवय त्यांना लागते. घरचे त्याला गप्पपणा समजतात. कोणता कान चांगला आहे ते बघा आणि त्या बाजूला बसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांना हे पुस्तक हवं आहे का? एकदा एकांतात सरळ विचारा. "नको" म्हणाले तर ते नको मोडू नका. तेव्हाही आजीचं, तुमच्या बाबांचं, काकांचं, आत्याचं लिहिता येतं आणि त्यात आजोबा येतातच.

माजी नौसैनिक गप्प का असतात, याचा मी बराच विचार केला आहे. एक तर ती शिस्त आहे. जहाज कुठे आहे, कुठे निघालंय हे घरच्या पत्रातही लिहायचं नाही, ही सवय वयाच्या विशीत लागते आणि सुटत नाही. दुसरं असं की, आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं त्यांना मनापासून वाटतं. लोकांना क्षेपणास्त्रं आणि आगीचे लोळ ऐकायचे असतात आणि हा माणूस तर जहाजाच्या पोटात उभा होता. ॲक्शन स्टेशन, म्हणजे लढाईसाठी आपापल्या जागी जायचा हुकूम, पुकारलं की जलरोधक दारं बंद होतात. खाली इंजिनपाशी असलेल्याला युद्ध दिसत नाही, ते फक्त ऐकू येतं. विक्रांत या आपल्या विमानवाहू नौकेचंच उदाहरण घ्या. १९७१ मध्ये तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता. तशा अवस्थेत ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. विमानांबद्दल सगळे बोलतात. उरलेल्या बॉयलरांपाशी घामाने निथळत वाफेचा दाब सांभाळणाऱ्यांना कुणी विचारत नाही आणि मग त्यांनाही वाटू लागतं की विचारण्यासारखं काही नव्हतंच. तिसरं कारण म्हणजे जे परत आले नाहीत ते. त्याकडे पुढे येते.

तर सुरुवात घरापासून करा. म्हणजे अगदी रोजच्या सवयीपासून. सिन्नरकडचे एक आजोबा होते, जुने स्टोकर, म्हणजे बॉयलरवर काम करणारे. त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "हे रोज पहाटे साडेतीनला उठतात, कितीही सांगा." मी त्यांना तेवढंच विचारलं, "आजोबा, साडेतीनला का हो उठता?" त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. मग सांगायला लागले. जहाजावर दिवस वॉचमध्ये, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्यांमध्ये वाटलेला असतो. रात्री बारा ते चार मिडल वॉच, चार ते आठ मॉर्निंग वॉच. चारच्या वॉचला जाणाऱ्याला आधी उठवतात, कारण चारच्या ठोक्याला आपण खाली हजर नसलो तर बारापासून उभा असलेला गडी वर येऊ शकत नाही. "तो माझी वाट बघत असतो ना," ते म्हणाले. निवृत्त होऊन चाळीस वर्षं झाली होती आणि ते वाक्य त्यांनी वर्तमानकाळात उच्चारलं. त्या एका प्रश्नावर आमची पहिली बैठक पन्नास मिनिटं चालली. युद्धाचं नावही निघालं नाही.

तुमच्या आजोबांच्या अशा सवयी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. चादरीच्या घड्या कशा घालतात, बूट कुठे ठेवतात, इस्त्री स्वतःच करतात का, नायलॉनच्या दोरीला गाठ कोणती मारतात. गाठीवरून आठवलं. त्याच आजोबांच्या हातात मी कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा दिला होता. माझ्याशी बोलता बोलता, दोरीकडे न बघता, त्यांनी बोलाइन मारली, सोडली, पुन्हा मारली. बोटं सांध्यांपाशी सुजलेली होती, पण गाठ दोन सेकंदांत पडत होती. ती शिकवणारा इन्स्ट्रक्टर, त्याची शिट्टी, कोचीचा पाऊस आणि भाताचा पहिल्यांदा आलेला कंटाळा, सगळं त्या दोरीबरोबर आलं.

मग ट्रंक उघडा. नेव्हीतून आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या घरी एक काळी पत्र्याची ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ती तुम्ही परस्पर उघडू नका. त्यांना उघडू द्या, ज्या क्रमानं वस्तू बाहेर निघतील त्या क्रमानं निघू द्या आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. पदकं मिळाली तर नीट बघा, कारण ती बोलतात. संग्राम पदक १९७१ च्या त्या काळात सेवेत असलेल्यांना मिळालं. पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार असेल तर ते प्रत्यक्ष त्या बाजूच्या कारवाईच्या क्षेत्रात होते असं समजायला हरकत नाही. रक्षा पदक किंवा समर सेवा स्टार असेल तर ती १९६५ ची खूण आहे. म्हणजे आजोबांनी दोन युद्धं पाहिली आणि घरच्यांना एकच माहीत आहे, असंही निघू शकतं. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते भिंगातून बघून लिहून घ्या. पदक घासून लखलखीत करायच्या भानगडीत पडू नका.

सेवेची कागदपत्रं हरवली असतील तर आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज कसा करायचा ते तिथे सांगतात. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. सेवा क्रमांक मात्र हाताशी हवा. जाता जाता पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, चाळून घ्या. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के, ८५ ला ३० टक्के आणि ९० ला ४० टक्के जादा मिळतात. आजोबांना सध्याचे ३० टक्के लागू झालेत ना, एवढं बघा. मी गेलेल्या दोन घरांत ते राहून गेलेलं होतं.

जन्मतारखेबद्दलही सावध राहा. कागदावर १ जून असेल तर ती मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख असण्याची शक्यता दांडगी आहे. खरा जन्म "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" किंवा "कांदे काढायला आले तेव्हा" असा कुठेतरी सांगितलेला असतो. पुस्तिकेत दोन्ही लिहा. बाकी तारखांचंही तेच. "कोणत्या साली?" हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला परीक्षेसारखा वाटतो. त्याऐवजी खुंट्या वापरा. ६९ च्या महापुराच्या आधी की नंतर? गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, तो पूर आला तेव्हा तुम्ही घरी होतात का? कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरमधला, ७२ चा दुष्काळ, पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली ते १९७५, सिंहस्थ १९८० चा. नाशिकच्या माणसाचं अर्धं आयुष्य या खुंट्यांवर टांगता येतं. आजीला तर साल कधीच विचारू नका. कोणतं मूल पोटात होतं ते विचारा, साल आपोआप निघतं.

आजी आहेत हे तुमचं मोठं भाग्य आहे. त्यांना वेगळं बसवा. आजोबा समोर असले की ते त्यांच्या तारखा दुरुस्त करत राहतात आणि मग त्या "तुम्हीच सांगा" म्हणून आत जातात. मी हे पाच घरांत पाहिलं आहे. आणि माझं ठाम मत आहे की खलाशाच्या चरित्रातली निम्मी पानं त्याच्या बायकोची असतात. समुद्रावरची वर्षं त्यानं काढली तशीच जमिनीवरची तिनं काढली. सासू-सासरे, शेत, बाळंतपणं, आजारपणं, शाळेचे दाखले, आणि "नवरा कुठे असतो गं तुझा?" या प्रश्नाला रोजचं उत्तर.

त्या सिन्नरच्या आजींनी मला सांगितलं होतं, "पत्रावर गावच नसायचं. आम्ही पाठवायचं ते द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. मुंबईच्या पुढे पत्र कुठे जातं ते देवाला ठाऊक." डिसेंबर ७१ मध्ये पत्रं यायची थांबली. रात्री खिडक्यांना काळे कागद, कंदील टोपलीखाली झाकलेला. थोरल्या मुलाला गोवर निघालेला. शेजारी एकांकडे रेडिओ होता, तिथे दाराबाहेर उभं राहून बातम्या ऐकायच्या, आत जायला लाज वाटायची. चुलीमागच्या भिंतीवर त्या रोज कोळशाची एक रेघ ओढायच्या. एकोणीस रेघा झाल्या तेव्हा पोस्टमन आला. पत्रात काय होतं? "मी खुशाल आहे. पैसे मिळाले का ते कळवणे." आजी म्हणाल्या, "ते पैशाचं वाचून मी रडले. म्हटलं, हा माणूस ठीक आहे." हे आजोबांना माहीतच नव्हतं. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना ते सांगितलेलं नव्हतं. मी दोघांचं लिहून झाल्यावर आजोबांना वाचून दाखवलं, तेव्हा ते उठून चुलीच्या जागी जाऊन उभे राहिले. आता तिथे गॅसचा ओटा आहे.

आता ते तिसरं कारण. त्याच घरात सहाव्या बैठकीला आम्ही लग्नाचा फोटो बघत होतो. मी एकेकावर बोट ठेवून नाव विचारत होते. हा मामा, हा चुलता, हा आचारी. वराच्या मागे नेव्हीच्या पांढऱ्या गणवेशात एक पोरगेला तरुण उभा होता, हसताना डोळे मिटलेले. "आणि हे?" ते म्हणाले, "माझ्या बॅचचा. कोकणातला. दोन दिवसांची रजा काढून एसटीनं आला होता. पंगतीत जिलबी वाढायला उभा राहिला, पाहुण्यासारखा बसलाच नाही." मग थांबले. पुढे म्हणाले, "तो खुकरीवर होता."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीनं आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र दिलं गेलं. दीवला त्यांचं स्मारक आहे.

आजोबा पुढे काही बोलले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाल्या, "दर वर्षी नऊ तारखेला हे रात्री जेवत नाहीत. मला माहीत आहे. पोरांना वाटतं, पोट बिघडतं."

त्या क्षणी काय करायचं हे सांगण्यासाठीच खरं तर मी एवढं लिहिते आहे. "तुम्हाला तेव्हा काय वाटलं?" असं विचारायचं नाही. मोबाइल जवळ सरकवायचा नाही. कुणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर ठेवू द्यायचा. मी काहीच केलं नाही, बसून राहिले. दोनेक मिनिटांनी विचारलं, "जिलबी कुणी केली होती?" आणि ते लग्नाच्या आचाऱ्याबद्दल अर्धा तास बोलले. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ते आधीच तयार होऊन बसले होते. चहासुद्धा होऊ दिला नाही. "त्या पोराचं लिहून घ्या," म्हणाले. मग ते तेरा दिवस त्यांनी स्वतः सांगितले, मला मधे एकही प्रश्न विचारावा लागला नाही. त्यांच्या पुस्तिकेत युद्धाची सहा पानं आहेत आणि त्यातली चार त्या मित्राची.

एक काळजी घ्या. असं काही निघालं की त्या रात्री झोप लागत नाही. म्हणून जड विषय संध्याकाळी काढू नका, सकाळच्या बैठकीतच येऊ द्या आणि त्या दिवशी घरात कुणीतरी त्यांच्याजवळ असू द्या. ओरडत उठणं, घाम फुटणं, जेवण टाकणं असं काही दिवस चाललं तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा, ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, सोय होते. पुस्तिका एक वर्ष उशिरा निघाली तरी चालेल.

कधी कधी सांगितलेलं आणि कागदावरचं जुळत नाही. माझ्याकडे एक काका ठामपणे सांगायचे की ते कराचीच्या पहिल्या हल्ल्यात होते. ४ डिसेंबरच्या रात्रीच्या त्या हल्ल्यात निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका होत्या, सोबत किल्तान आणि कच्छाल. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो त्यामुळेच. काकांच्या नोंदीत या पाचांपैकी एकही जहाज नव्हतं. ते खोटं बोलत होते का? मला नाही तसं वाटत. मेसमध्ये शंभर वेळा ऐकलेली गोष्ट पन्नास वर्षांत आपली होऊन जाते, आणि ताफा एकच असेल तर "आम्ही" म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे. मी त्यांना चारचौघांत टोकलं नाही. पुस्तिकेत "काका सांगत असत" असं लिहिलं आणि मागच्या पानावर जहाजांची नोंद तारखांसह जशीच्या तशी दिली. वाचणाऱ्याला दोन्ही मिळालं. चूक सिद्ध करायला नातवंडांनी इंटरनेट उघडून समोर धरलं, तर मात्र तो माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही.

निवृत्तीनंतरच्या काळाला घाईत गुंडाळू नका. या पुस्तिका तिथेच फसतात. "नंतर त्यांनी नोकरी केली व मुलांना उत्तम शिक्षण दिले", झालं, चाळीस वर्षं एका ओळीत संपली. खरं तर सगळ्यात अवघड बंदर तेच असतं. खलाशी चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो तेव्हा घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. एका घरात धाकटी मुलगी वडिलांना तीन महिने "काका" म्हणत होती. ते तिला रोज शाळेत सोडायचे, वाटेत बोलायला काही सुचायचं नाही, म्हणून तिला जहाजांचे झेंडे शिकवायचे. आज ती साठीची आहे आणि रंग अजून बिनचूक सांगते. सिडकोच्या घराचे हप्ते, नोकरीतल्या पाळ्या, आईचं आजारपण, थोरल्याचं न जमलेलं लग्न, यातूनच "कुटुंबवत्सल" या शब्दाला काही अर्थ येतो. तुमच्या बाबांना आणि आत्यांनाही एकेकटं विचारा. वडील लहानपणी घरी नव्हते याचं शल्य कुणाच्या तरी मनात असेल. ते पुसून टाकू नका, पण छापण्याआधी आजोबांना वाचून दाखवा आणि त्यांना नको असेल तर काढा. आयुष्य त्यांचं आहे.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगते. सकाळी चहा-नाश्त्यानंतर, एकच विचारणारा, फार तर दोघं. पंखा बंद, कुकर लावायचा नाही, मोबाइल एअरप्लेन मोडवर, कॉलरला लावायचा साधा माइक. व्हिडिओ नको, निदान पहिल्या चार-पाच बैठकी तरी. कॅमेरा दिसला की माणूस भाषण करतो. चाळीस मिनिटं झाली की ते रंगात असले तरी थांबा, म्हणजे पुढच्या वेळी तेच वाट बघतात. त्याच दिवशी फाइलला तारीख आणि विषय द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. जुन्या अल्बममधले चिकटलेले फोटो उपटू नका, आहेत तसेच त्यांचे फोटो काढा. सुट्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं. लिहिताना त्यांची भाषा बदलू नका. तुमचे आजोबा निफाडकडची बोली, नेव्हीतलं हिंदी आणि इंग्रजी शब्द यांची मिसळ करून बोलत असतील, तर तसंच लिहा. "लिबर्टी मिळाली की आम्ही कुलाब्याला हिंडायचो" हे वाक्य "सुट्टीच्या काळात आम्ही भ्रमंती करीत असू" असं केलंत तर आजोबाच नाहीसे होतील.

छपाईची चिंता सध्या करू नका. अक्षर मात्र मोठं ठेवा, पहिली प्रत त्यांनाच वाचायची आहे.

म्हणजे क्रम असा: आधी त्यांची संमती, मग सवयी आणि वस्तू, मग गाव, भरती, लग्न, मग आजी आणि मुलं, मग नोकरी आणि घर. युद्ध यादीत घालूच नका, ते आपल्या वेळेला येईल. आलंच नाही तरी पुस्तिका अपुरी राहणार नाही. आणि नव्वदीची वाट बघू नका. मजकूर नव्वदीला छापा, पण बैठक येत्या रविवारी घ्या. त्यांच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवून पुसा, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि विचारा की वऱ्हाड निफाडहून कशानं गेलं होतं, बैलगाडीनं की ट्रकनं. काय म्हणाले ते इथे लिहा, पुढचं आपण बघू.